अनुदान नळीला, ओलीला नाही

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाटपाण्यावरच्या उसाला २,००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाणी लागते. ठिबकने ४० टक्के बचत धरली तरी १,२०० उरतातच, म्हणजे पावसाच्या दुपटीहून अधिक. तरी कागदावर हा ऊस पाणी वाचवणारा ठरतो. केंद्राच्या योजनेत ठिबकला अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी ५५ टक्के आणि इतरांसाठी ४५ टक्के अनुदान आहे. राज्याने भर घालून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेले. पैसे मिळतात ते नळ्या, फिल्टर, ड्रिपर यांच्या बिलावर. उपसा किती घटला हे पाहण्याची सोय त्या बिलात नाही. वाचलेले पाणी जमिनीत राहत नाही, शेजारच्या पडीक तुकड्यावर जाते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात सरकारी मदतीने सिंचनाची साधने सुधारली, तेव्हा भूजलाचा उपसा उलट वाढल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. सांगोल्याच्या माणसाला हे ऐकून नवल वाटणार नाही.

शेततळ्याचे तेच. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान होते, आणि हेतू होता वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवण्याचा. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल तळ्यात, उतार धरून, सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. पण डाळिंबाच्या पट्ट्यात प्लास्टिकचे अस्तर घातलेली अनेक तळी ओढ्याने नव्हे, बोअरने भरतात. जमिनीखाली झाकलेले, सगळ्या शिवाराचे पाणी वर काढून एकाच्या नावावर उन्हात ठेवायचे, आणि त्याला जलसंधारण म्हणायचे!

दुसरीकडे मंगळवेढ्याची ज्वारी पाहा. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. परतीच्या पावसाची जी ओल काळ्या जमिनीत मुरते, तिच्यावरच हे पीक निघते, वर जनावरांना कडबा देते. सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून चालू आहे. पाणी न उपसता कसे पिकवायचे हे आपल्याला ठाऊक नाही असे नाही. मात्र जो शेतकरी बोअर घेतच नाही, त्याच्या न उपसलेल्या पाण्याचा मोबदला कोणत्याही योजनेत नाही.

यावर म्हणतील की ठिबक नसते तर उसाने आणखी पाणी खाल्ले असते. उजनीच्या लाभक्षेत्रात, जिथे ऊस आहेच, तिथे हे खरे आहे. तिथले अनुदान काढू नये. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: उसाला कायद्याने ठरलेला दर आहे, दारात कारखाना आहे; ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने घेणारा भेटत नाही. मग शेतकऱ्याने तोट्यात का जावे? जाऊ नये. म्हणूनच कोरडवाहू रब्बीला हेक्टरी रक्कम द्यायला हवी. तपासणीत खोटेपणा होईल ही भीती रास्त आहे, पण २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी फोटोसह पिकाची नोंद करतोच, आणि खोट्या बिलांपेक्षा उभे पीक तपासणे सोपे. भूजलाच्या कायद्यात अधिसूचित क्षेत्रासाठी पीक आराखड्याची तरतूदही आहे. ती तरतूद वापरावी, आणि सांगोला, मंगळवेढा या दोन तालुक्यांत पुढच्या रब्बीपासून नळीऐवजी ओलीला पैसे देऊन पाहावे.