मायकेल पोर्टर : स्पर्धेचं शास्त्र मांडणारे प्राध्यापक

एखादा धंदा चांगला चालला की आपण पटकन म्हणतो, मालक हुशार आहे. मायकेल पोर्टर यांनी वेगळाच प्रश्न विचारला. काही धंद्यांत बहुतेकांना बरा नफा होतो आणि काहींत हुशार माणसंही जेमतेम तग धरतात, असं का? आज आपण त्यांची कारकीर्द या प्रश्नाच्या अंगाने पाहू.

पोर्टर यांचा जन्म १९४७ सालचा, अमेरिकेतला. प्रिन्स्टनमधून ते अभियंता झाले, मग हार्वर्डमध्ये एमबीए केलं आणि १९७३ साली अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवून तिथेच शिकवू लागले. त्या काळी अर्थशास्त्रज्ञ स्पर्धा कमी असलेल्या उद्योगांकडे ग्राहकाच्या नुकसानीच्या दृष्टीने बघत. पोर्टर यांनी तेच ज्ञान उलटं करून कंपनीच्या हातात दिलं.

१९७९ साली त्यांनी पाच शक्तींची मांडणी केली. म्हणजे काय, तर नफा फक्त समोरचा प्रतिस्पर्धी खात नाही. कच्चा माल देणारा, गिऱ्हाईक, नव्याने धंद्यात उतरणारा आणि आपल्या मालाला पर्याय ठरणारी वस्तू, हे सगळेच त्यात वाटेकरी असतात. विमान कंपन्यांचं बघा. मोठी विमानं बनवणारे मोजकेच, प्रवासी स्वस्त तिकिटामागे जाणार, आणि भाडं कमी करायला शेजारची कंपनी टपलेलीच. मग विमानं भरून गेली तरी हातात फार उरत नाही.

पुढे हाच प्रश्न त्यांनी देशांना लावला. दहा देशांचा अभ्यास करून १९९० साली त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. इटलीतल्या सासुओलो भागात फरशा बनवणारे, त्यांची यंत्रं बनवणारे आणि चोखंदळ गिऱ्हाईक जवळजवळ असल्याने सगळेच एकमेकांना सुधारायला लावत होते. देश समृद्ध होतो तो स्वस्त मजुरीने नाही, उत्पादकतेने, हे त्यांचं सांगणं. अनेक सरकारांनी त्यांचा सल्ला घेतला.

आता अवघड भाग. १९८३ साली पोर्टर यांनी सहकाऱ्यांबरोबर मॉनिटर ही सल्लागार कंपनी काढली होती. तिने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी ती डेलॉइटने घेतली. टीकाकार म्हणाले, पाच शक्तींनी घरच्यांनाच वाचवलं नाही!

आपण मात्र घाई करू नये. पोर्टर यांची मांडणी धंद्यातला नफा कुणाकडे जातो ते दाखवते. कर्ज किती काढावं, ग्राहकाला उद्या काय लागेल, याचं उत्तर ती देत नाही. नकाशा बरोबर असला तरी गाडीत इंधन आहे का, ते वेगळं बघावं लागतं. तेव्हा धंदा निवडताना हे पाच वाटेकरी जरूर मोजा. पण तो चालवताना रोजचा हिशेबही तितकाच बारकाईने तपासा.