मांडवांतील वस्त्रांची संगत

गेल्या वैशाखांत कळमन्याला आमच्या एका आप्तांकडे मुंज होती. कळमना म्हणजे नागपूरचा पूर्वेकडील भाग. धान्य, मिरची आणि संत्री यांच्या मोठ्या बाजारामुळें सर्वांना ठाऊक असलेला. घर एकत्र कुटुंबाचें, तेव्हां अंगणांतील मांडवाविषयीं मतें पुष्कळ. धाकट्या सूनबाईंना बिछायत केंद्रांतून पांढरी जाळी आणि साटीन भाड्यानें आणावयाचें होतें. आजींचा आग्रह असा, कीं ट्रंकेंत वर्षानुवर्षें पडलेलीं नऊवारी लुगडीं आणि टसर यांनीं नातवाची मुंज पाहिली पाहिजे. अखेर दोन्ही एकत्र करण्याचें ठरलें.

निरनिराळीं वस्त्रें शेजारीं नांदविणें ही कांहीं मंडपवाल्यांची नवी कल्पना नव्हे. विदर्भांतील विणकरांनीं ती मागावरच साधली आहे. करवती साडीचें अंग टसरी रेशमाचें असतें, कांठ सुती असतो, आणि जेथें दोन्ही भेटतात तेथें करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटते. टसरचा अंगचा रंग मधासारखा मंद, कांठ गडद. त्यामुळें एकानें दुसऱ्याला झांकलें असें होत नाहीं. मांडवांतही हीच दृष्टि ठेवावी. साटीनशेजारीं साटीन टांगलें तर दिव्यांखालीं नुसती चकाकी दिसते. तेंच जाड्याभरड्या सुती पट्ट्यांमध्यें आलें कीं त्याला रूप येतें. येथें बाजारामुळें बारदानाला तोटा नाहीं. घरच्या मुलांनीं कोरें गोणपाट आणून मांडवाचे खांब गुंडाळले, तेव्हां वडीलधाऱ्यांनीं नाकें मुरडलीं. पण त्यावर टसरची एक घडी तिरपी सोडली, आणि नाकें मुरडणारेच तें पाहुण्यांना दाखवीत हिंडूं लागले!

वजनाकडेही पहावें लागतें. वैशाखांत नागपुराकडे पारा पंचेचाळीस अंशांवर सहज जातो आणि दुपारीं तापलेला वारा सुटतो. हलकी जाळी अशा वाऱ्यांत शिडासारखी फुगते. म्हणून जड लुगडीं बाजूंना लावून जाळीची खालची कड त्यांच्या कांठाला कच्च्या टांक्यांनीं अडकविली. रेशमाला टांचणी लावूं नये, भोंक कायम राहतें. घडींतून दोरी ओंवावी. टसर सावलींतच टांगावें, कारण उन्हानें रेशमाचा रंगही जातो आणि बळही. वाळ्याच्या ओल्या ताट्यांपासून कच्च्या रंगाचें कापड दूर ठेवावें, हें एका लुगड्याच्या किंमतीवर आम्हीं शिकलों.

इतकें सर्व झाल्यावर, आदल्या संध्याकाळीं, आजींनीं विचारलें, “अगं, होम कोठें पेटायचा?” होमाची जागा नेमकी जाळीच्या छताखालीं येत होती. भाड्यानें देणाऱ्यानें जाळी “शुद्ध सुती” म्हणून दिली होती. घरांतील एका रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यानें तिचा एक धागा काढून अंगणाबाहेर चिमट्यांत धरून पेटविला. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख सोडतो. रेशमाला केंस जळल्यासारखा वास येतो. हा धागा आक्रसला, वितळला आणि त्याचा काळा, कठीण मणी झाला. म्हणजे पॉलिएस्टर.

येथें संगतीचा एक धोका आहे, आणि तो फारसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. नुसतें पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतें आणि वितळून गळतें. कित्येकदां जळता भाग गळून पडल्यानें आग तेवढ्यावर थांबतेही, जरी खालीं बसलेल्यांच्या अंगावर तो थेंब पडणें भयंकरच. परंतु त्याला सुती कापड लागून असलें, तर वितळलेला रस सुतांत मुरतो. समईंत तेल आणि वात यांचें जें नातें, तेंच मग या दोन वस्त्रांचें होतें. वात आपल्या जागीं उभी राहते आणि जळणाचा पुरवठा चालू राहतो. आम्हीं तर दोन्ही एकमेकांना टांक्यांनीं जोडलीं होतीं.

२३ डिसेंबर १९९५ रोजीं हरियाणांतील डबवाली गांवीं एका शाळेच्या बक्षीस समारंभांत मंडपानें पेट घेतला. छत कृत्रिम धाग्याचें होतें. चारशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत शाळकरी मुलें फार. तात्पुरत्या मंडपांविषयींच्या आय. एस. ८७५८ या भारतीय मानकांत कृत्रिम धाग्याचें कापड वर्ज्य सांगितलें आहे. पण भाड्याचें कापड ठरवितांना तें किती घरीं विचारलें जातें?

सूनबाई हिरमुसल्या हें खरें. मोठ्या हौसेनें त्यांनीं ती जाळी निवडली होती, आणि चूक त्यांची नव्हतीच. आजींनीं त्यांच्याच हातानें टांके उसवविले, परंतु जाळी परत पाठवूं दिली नाहीं. ती फाटकाबाहेर, दिवे आणि सुती कापड यांपासून दूर, एकटीच टांगली. लुगडीं आणि टसर पलीकडच्या भिंतीला गेलीं. सूत आणि बारदानही जळतेंच, म्हणून होमाच्या आसपास खांबांचें गोणपाटसुद्धां सोडलें. टांकणखार आणि बोरिक आम्ल यांच्या पाण्यांत कापड बुडवून वाळविलें तर तें सहजासहजीं पेट घेत नाहीं. मात्र धुतल्यावर तो गुण जातो, आणि आमच्यापाशीं रात्रही थोडी उरली होती. वाळूच्या दोन बादल्या आणि पाण्याचे हंडे मात्र भरून ठेवले.

सकाळीं होम मोकळ्या आभाळाखालीं पेटला. वर नुसती दोरी आणि तिला आंब्याचे डहाळे. फाटकाशीं जाळी वाऱ्यावर फुगत होती, आणि येणारी प्रत्येक पाहुणी तिच्याखालीं क्षणभर थांबून मगच आंत येत होती.