चोपड्यात नसलेली वंशावळ

त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या यात्रेकरूला आपल्या घराण्याची नामावळ तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यात पाहावयास मिळते. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी ती वडिलांच्या बाजूने मागे जाते. आपल्या शरीरात मात्र आणखी एक वंशावळ असते, ती केवळ आईकडून आलेली. पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांची स्वतःची जनुके मुलगा असो वा मुलगी, आईकडूनच मिळतात. एचआयव्हीबाधितांच्या पायांची आग या वंशावळीशीही निगडित आहे, हे वाचून मला नवल वाटले.

ही आग म्हणजे मज्जातंतूंची पीडा. तळव्यांना मुंग्या येतात, मग जळजळ. रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. शरीरातील सर्वांत लांब तंतू पायांत उतरतात, म्हणून सुरुवात तेथूनच. विषाणूमुळे हे तंतू दुखावतात, तसेच काही औषधांमुळेही. भारतात १ एप्रिल २००४ पासून मुंबईच्या जे. जे.सारख्या सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार सुरू झाले. त्या काळच्या गोळ्यांत स्टाव्ह्युडिन असे. त्याने पुष्कळांचे प्राण वाचविले, पण ते तंतुकणिकांनाच इजा करी. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. औषध थांबले, तरी कित्येकांची जळजळ राहिली.

गोळी एकच, मग एकाचेच पाय का जळावेत? घरची माणसे "त्याला होत नाही, तुलाच कसे होते?" म्हणून मोकळी होतात. जणू दुखणे हे सोंगच! अमेरिकेतील संशोधकांनी २००५ मध्ये दाखविले, की अशी औषधे घेणाऱ्या गोऱ्या रुग्णांपैकी मातृवंशाच्या 'टी' गटातील लोकांत ही पीडा अधिक आढळते. हा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही, कारण आपले मातृवंश निराळे.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण क्षयाच्या आयसोनियाझिडचे. एचआयव्ही असलेल्यांना क्षयाचा धोका मोठा, म्हणून प्रतिबंधासाठीही ते देतात. या औषधाचा निचरा करणारे जनुक आई-वडील दोघांकडून येते. दोघांकडूनही मंद जनुक आले, तर औषध शरीरात रेंगाळते, बी-६ जीवनसत्त्व कमी पडते आणि तंतू दुखावतात. भारतात असे मंद निचऱ्याचे लोक पुष्कळ आहेत. प्रत्येकाचे जनुक तपासत बसण्यापेक्षा डॉक्टर सोबत बी-६ची लहान गोळी देतात. ती नुसती ताकदीची गोळी नव्हे.