मागचं ‘उडतं’ ते कशामुळे?

‘फोटो असा काढा, की मागचं उडालं पाहिजे’ ही प्री-वेडिंगवाल्या जोडप्यांची नेहमीची फर्माईश. वाईजवळचा मेणवलीचा घाट असो, सांगलीचा आयर्विन पूल असो की सप्टेंबरातलं कास पठार असो, माणूस किंवा फूल स्वच्छ आणि मागे नुसते रंग असा फोटो दिसला की प्रश्न ठरलेला: ‘कॅमेरा कुठला?’ खरं तर विचारायला हवं, ‘कुठे उभे होतात?’

कॅमेऱ्याच्या किमतीचा या धूसरपणाशी फार लांबचा संबंध आहे. जवळचा संबंध आहे तो लेन्समधून उजेड आत येतो त्या भोकाच्या व्यासाशी आणि कोण कुणापासून किती अंतरावर आहे, याच्याशी. व्यास काढायचा तर फोकल लेंग्थ भागिले एफ-नंबर, एवढंच गणित. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१.८ वर ठेवली की भोक होतं साधारण २८ मिलिमीटरचं, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढं. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ वर नेऊन एफ/५.६ ला उघडली, तर जेमतेम १० मिलिमीटर.

आता यातली गंमत. खूप दूरचा दिव्याचा ठिपका फोटोत चकतीसारखा पसरतो. ती चकती सब्जेक्टच्या जागी धरून मोजली, तर ती या भोकाएवढीच भरते. चेहरा १५ सेंटिमीटर रुंद धरला, तर पहिल्या लेन्सनं मागचा लांबचा दिवा चेहऱ्याच्या सुमारे पाचव्या भागाएवढा होणार, किट लेन्सनं पंधराव्या भागाएवढा. मागची वस्तू तितकी दूर नसेल तर चकती त्या प्रमाणात लहान होते. माणूस दोन मीटरवर आणि झाड चार मीटरवर असेल, तर चकती निम्मी. भिंत पाठीला टेकलेली असेल, तर शून्य. वाड्याच्या भिंतीला टेकून उभं राहायचं आणि ब्लर येत नाही म्हणून लेन्सला बोल लावायचा, याला अर्थ नाही. जोडप्याला भिंतीपासून चांगलं चार-पाच मीटर पुढे बोलवा आणि आपण जवळ जा. किट लेन्ससुद्धा मग बरंच काही करून दाखवते.

दुसरा पक्का समज म्हणजे ‘एफ/१.८ नसेल तर ब्लर विसरा’. भागाकार करून पाहा. घरात धूळ खात पडलेली ७०-३०० ची साधी झूम ३०० वर एफ/५.६ ला ठेवली, तर भोक ५३ मिलिमीटरचं होतं. म्हणजे ५० एफ/१.८ च्या जवळजवळ दुप्पट! एफ-नंबर हे फक्त गुणोत्तर आहे. फोकल लेंग्थ सांगितल्याशिवाय त्यावरून ब्लरचा अंदाज बांधता येत नाही.

हे सगळं कासवर फार चांगलं समजतं. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे जांभ्या दगडाचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हापासून तिथे कॅमेऱ्यांची गर्दी वाढतच गेली आहे. खडकावर मातीचा थर पातळ, त्यामुळे बहुतेक फुलं बुटकी. निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांची दांडी काही सेंटिमीटरची, गेंदाची पांढरी बोंडंही तशीच. येणारा माणूस उभ्यानं, नाहीतर फार तर कमरेत वाकून, कॅमेरा खाली रोखतो. समजा फूल लेन्सपासून १.२ मीटरवर आहे. वरून पाहताना फुलाच्या मागे काय असतं? जमीन, आणि तीही जेमतेम १५ सेंटिमीटरवर. किट लेन्सची १० मिलिमीटरची चकती इथे १.१ मिलिमीटरवर येते. म्हणजे मागचं गवत, काड्या, खडे, शेजारची दहा फुलं, सगळं हजर. फोटो गिचमीड दिसतो आणि दोष कॅमेऱ्याला मिळतो.

आता तीच लेन्स, तोच एफ/५.६. कॅमेरा फुलाच्या उंचीला आणा आणि अंतर ४० सेंटिमीटर ठेवा. नजर आता आडवी झाली, त्यामुळे फुलामागे येतो तो चार मीटर पलीकडचा तेरड्याचा गुलाबी पट्टा. चकती ९ मिलिमीटरच्या आसपास पोचते, म्हणजे आधीच्या आठपट, आणि मागे नुसता गुलाबी रंग उरतो. गुडघे टेकण्याचे पैसे पडत नाहीत.

मात्र गुडघे कुठे टेकायचे, हे बघायला हवं. चांगल्या फोटोच्या नादात फुलांत आडवे पडणारे लोक दरवर्षी दिसतात. एका सीतेच्या आसवाच्या फोटोसाठी शेजारची पन्नास रोपं पोटाखाली घालायची, आणि वर त्याला निसर्गप्रेम म्हणायचं! त्याची गरजही नाही. पायवाटेवर बसून कॅमेरा खाली धरा, स्क्रीन वर वळवा आणि ती धूळ खाणारी ७०-३०० लावा. फूल तीन मीटरवर आणि मागचा ताटवा त्यापलीकडे सहा मीटरवर असेल, तर चकती सुमारे ३५ मिलिमीटरची होते. सीतेचं आसू त्यापेक्षा कितीतरी लहान. मागचं अक्षरशः पुसलं जातं, आणि पायवाट सोडावी लागत नाही.

मॅक्रो लेन्स घेतलेल्यांचा गैरसमज उलट्या टोकाचा असतो. भोक जास्तीत जास्त उघडायचं, असं त्यांच्या मनात बसलेलं असतं. मॅक्रोच्या अंतरावर ब्लर फुकट मिळतो, टंचाई असते ती स्पष्टपणाची. फूल सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढं उमटत असेल, तर एफ/२.८ ला फोकसमध्ये येणारा थर पाव मिलिमीटरसुद्धा नसतो. एफ/११ ला तो एक मिलिमीटरच्या आसपास जातो. पिवळ्या मिकी माऊसच्या, म्हणजे स्थानिक भाषेत कावळ्याच्या, फुलावरचे दोन लाल ठिपके दोन्ही स्पष्ट हवे असतील, तर भोक लहान करा आणि कॅमेरा फुलाच्या तोंडाला समांतर धरा. मागचं तरीही उडालेलंच राहतं.

मोबाईलबद्दल तर विचारूच नका. ‘पोर्ट्रेट मोडला अगदी डीएसएलआरसारखा ब्लर येतो’ हे अर्धसत्य. मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याचं भोक असतं तीन-चार मिलिमीटरचं. चेहऱ्यामागे त्यानं पुरेसा ब्लर येणं शक्यच नाही. तो हिशेबानं घातला जातो. आयफोन ७ प्लसनं २०१६ साली दोन लेन्सच्या दृश्यांतल्या किंचित फरकावरून अंतराचा नकाशा बनवला. पुढच्या वर्षी गुगलच्या पिक्सेल २ नं एकाच लेन्सच्या दोन अर्ध्या भागांतून तेच साधलं, जोडीला माणूस ओळखायला शिकवलेला प्रोग्रॅम होता. नकाशा बरोबर तोवर फोटो छान.

तो कुठे चुकतो हे पाहायचं तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एखाद्या कारागिराचा तंबोऱ्यासह पोर्ट्रेट मोडमध्ये फोटो घ्या. भोपळ्याचा गोल काठ कापल्यासारखा स्वच्छ येईल. चेहराही येईल. आता तारांवर झूम करा. घोडीपाशी तार दिसते, दांडीवर दिसते, पण जिथे तारेमागे दुकानातला अंधार आहे तिथे ती मध्येच विरते, कारण एवढी बारीक वस्तू मोबाईलच्या नकाशात मावत नाही. दोन तारांमधली फट मात्र बऱ्याचदा पुढचीच वस्तू समजून स्पष्ट ठेवली जाते. मुंडावळ्यांचं, नथीच्या मोत्यांचं, कपाळावर आलेल्या केसांचं आणि चष्म्याच्या काडीचंही हेच होतं. असा फोटो मोबाईलच्या स्क्रीनवर खपतो, अल्बमच्या पानभर मोठा केला की उघडा पडतो.

पण मोबाईलला खरा ब्लर येतच नाही, हेही खोटं. सांगलीच्या हळद बाजारात एक हळकुंड मोबाईलपासून दहा-बारा सेंटिमीटरवर धरा, मोड साधा ठेवा. एवढ्या जवळून चौकटीत मावतं ते वीतभर जग, आणि त्यात तीन मिलिमीटरची चकती सहज दिसते. मागची पोती मऊ होतात, हळकुंडाच्या कडा शाबूत राहतात.

‘फुल फ्रेम घेतला की ब्लर वाढतो’ याचं उत्तर थोडक्यात: तीच लेन्स आणि तेच अंतर ठेवलं तर चकतीत फरक पडत नाही. मोठ्या सेन्सरमध्ये जास्त दृश्य मावतं, म्हणून चेहरा तेवढाच ठेवायला तुम्ही पुढे सरकता, आणि त्या सरकण्यामुळे ब्लर वाढतो.

बैलगाडी शर्यतीच्या फोटोत मागची गर्दी रेघा-रेघांची दिसते, तीही लोक याच खात्यात टाकतात. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिल्यापासून असे फोटो पुन्हा भरपूर दिसू लागले. तिथे भोकाचा काही संबंध नाही. शटर १/३० किंवा १/६० सेकंदावर ठेवून कॅमेरा बैलांबरोबर फिरवला, की बैल जागच्या जागी राहतात आणि गर्दी आडवी ओढली जाते.

दिव्यांच्या चकत्यांच्या आकारालाही कारण आहे. त्रिपुरी पौर्णिमेला कृष्णेच्या घाटावर लागलेले दिवे लेन्स पूर्ण उघडी असताना मधोमध गोल येतात आणि कडेला बदामी होतात, कारण तिरक्या उजेडाला लेन्सची नळी आडवी येते. भोक लहान केलं, की पात्यांच्या संख्येप्रमाणे त्यांना कोन फुटतात. ती लेन्सची खराबी नव्हे.

आता आवडीनिवडीचा मुद्दा. मेणवलीचा घाट नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा, ‘स्वदेस’मुळे देशभर पोचलेला. तिथवर जायचं आणि एफ/१.४ ला घाटाच्या पायऱ्यांचा राखाडी धूर करून टाकायचा, हे मला पटत नाही. घाट ओळखू येईल इतका ठेवायचा तर एफ/५.६ किंवा एफ/८ वर या. नुसता राखाडी रंगच हवा असेल, तर घरामागची गल्लीही चालते.

आणि लग्नाच्या ग्रुप फोटोला एफ/१.८ नकोच. ५० ची लेन्स तीन मीटरवरून त्या भोकाला साधारण २५ सेंटिमीटरचा थर स्पष्ट ठेवते (सेन्सर एपीएस-सी धरला तर). दोन रांगांत अंतर असतं त्याच्या दुप्पट-तिप्पट. एफ/८ ला हा थर मीटरभराच्या वर जातो. नाहीतर नवरा-नवरी झकास येतात आणि मागच्या रांगेतले, आहेर देऊन खास पुढच्या गाडीनं आलेले मामा मागच्या पडद्याबरोबर उडालेले असतात.