दार उघडण्याआधीचा श्वास

सोड्याची बाटली उघडली की बुडबुडे उसळतात. भोवतीचा दाब एकदम उतरला तर शरीरात मुरलेला नायट्रोजनही तसाच फसफसतो. सांधे ठणकतात, कधी पायांतले बळ जाते. अपोलोच्या चांद्रयानात बाहेर पडण्यापूर्वी थांबायला वेगळी खोली नव्हती. सगळ्या केबिनचीच हवा सोडावी लागे. केबिनचा दाब जमिनीवरच्या एक तृतीयांश, पोशाखातला एक चतुर्थांश. जास्त ठेवला तर पोशाख ताठ होतो, बोटे वळत नाहीत. तरी नायट्रोजन बाधला नाही, कारण उड्डाणाआधी काही तास ते शुद्ध ऑक्सिजन घेत.

हाच ऑक्सिजन २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्या चाचणीत वैरी ठरला. केबिन पेटली, तिघे गेले. वॉर्डात ऑक्सिजनजवळ आम्ही काडी ओढू देत नाही, ते उगाच नव्हे. पुढे उड्डाणावेळी केबिनमध्ये ४० टक्के नायट्रोजन मिसळला गेला. पोशाखात मात्र शुद्ध ऑक्सिजनच राहिला.