झाडाच्या पायाशी

मारबत गेली, गणपती उठले, की नागपूरच्या पावसाचा जोर ओसरू लागतो. मारबतीबरोबर घरातली इडापिडा जाते म्हणतात. परसातल्या झाडांची मात्र आपल्यालाच काढावी लागते. दसऱ्याआधीचे हे दिवस त्यासाठीच आहेत.

भाजीचे काम सोपे. तण काढावे, वाफ्यात शेणखत मिसळावे, मेथी-पालक पेरावा. सांभारासाठी धणे रगडून, दोन फाका करून टाकावेत. फुलकोबी-टमाट्याची रोपे उन्हे कलल्यावर लावावीत. ऑक्टोबरचे ऊन कोवळ्या रोपांना सोसत नाही.

संत्र्याचे तसे नाही. बँकेत असताना काटोल-नरखेडकडच्या बागांची कितीतरी कर्जप्रकरणे मी तपासली. सात-बारा, विहीर, झाडांची संख्या, सारे तोंडपाठ असे. निवृत्तीनंतर अंगणात एक कलम लावले. हौसेने बुंध्याशी मातीची भर घातली, आळे काठोकाठ भरले. चौथ्या वर्षी बुंध्यातून डिंक वाहू लागला, पाने पिवळी पडली. एक जुने कर्जदार भेटीला आले होते. खुर्चीवर बसण्याआधी ते झाडाशी वाकले, बोटाने माती उकरली आणि म्हणाले, ''सायेब, तुमी याचा डोळाच बुजवला न जी!''

आपला संत्रा जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून वाढवतात. तो जोड मातीच्या वर वीतभर उघडा हवा. फायटोप्थोरा ही बुरशी ओल्या मातीत असते. संत्र्याची साल तिला लवकर बळी पडते. म्हणून पावसाळा सरताच बुंध्याची माती ओढावी, साचलेले पाणी काढून द्यावे आणि दुहेरी आळे करावे, म्हणजे पाणी खोडाला लागत नाही. डिंकाची जागा खरवडून बोर्डो मलम लावावे. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात भिजवून दोन्ही एकत्र करावे. भांडे प्लास्टिकचे घ्यावे, लोखंडी नको. मलम त्याच दिवशी, जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत लावावे.

आंबिया बहाराची फळे आता भरत आली आहेत. रात्री पतंग त्यांतला रस शोषतात आणि फळे गळतात. गळालेली फळे रोज उचलून खोल पुरावीत. या पतंगाच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात. २०२० च्या करोनानंतर घरोघरी गुळवेल आली आहे. ती ठेवायची तर पाने उलटून पाहत जावे.

माझे ते झाड वाचले नाही. थकलेल्या हप्त्यांची कारणे मी वर्षानुवर्षे कागदांत शोधली. त्यातली काही झाडांच्या पायाशी असतील, हे तेव्हा सुचले नाही. चार हात सरकून दुसरे कलम लावले आहे. त्याचा डोळा उघडा आहे. आज ऊन पडले की मलम कालवायचे आहे.