पाहुणा घरी उतरतो तेव्हा

महाबळेश्वरकडे निघालेला प्रवासी एके काळी वाईत चहापुरता थांबे आणि पसरणीच्या घाटाला लागे. अलीकडे चित्र पालटले आहे. रास्ते यांनी १७६२ साली बांधविलेले ढोल्या गणपतीचे मंदिर, कृष्णेचे घाट, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा व धोमचा जलाशय पाहण्यासाठी मंडळी येथेच मुक्काम करतात. घरातील एकदोन खोल्या अशा पाहुण्यांना देणाऱ्या कुटुंबांना त्यामुळे जोडउत्पन्न मिळू लागले आहे.

१९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवास व न्याहारी योजना याच स्वरूपाची आहे. शेतकऱ्यांसाठी २०२० चे कृषी पर्यटन धोरणही आहे. पाहुण्यांची नोंदवही ठेवणे, ओळखपत्र पाहणे आणि परदेशी पाहुणा उतरल्यास २४ तासांच्या आत विहित नमुन्यात त्याची माहिती कळविणे ही यजमानाची जबाबदारी होय.

परंतु पाहुणा समाधानाने परततो तो कागदपत्रांमुळे नव्हे. जुन्या वाड्याचा जिना अरुंद असेल, शौचालय परसात असेल, नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर ते पैसे घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे. वृद्ध आईवडिलांना घेऊन आलेल्या कुटुंबाला तो जिना दारात आल्यावर दिसला, तर पुढचे आदरातिथ्य वाया जाते. उलट आधी सांगितलेली गैरसोय लोक सहसा हसतमुखाने सोसतात. स्वच्छ चादरी, झाकलेले पिण्याचे पाणी, दाराला आतून कडी आणि जवळच्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक यांना मात्र पर्याय नाही.

जेवणाच्या बाबतीत एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. पिठलेभाकरीचे कौतुक पाहुणे करतात. चुलीपुढे उभी असते ती गृहिणी. रात्री अकराला आलेल्यांसाठी तिने पुन्हा पीठ मळावे, ही अपेक्षा गैर आहे. जेवणाच्या वेळा ठरवून द्याव्यात आणि त्या उत्पन्नातील वाटा तिच्या हाती पडावा.

ग्रामपंचायतींचाही येथे संबंध येतो. मुक्काम वाढले की कचरा व सांडपाणी वाढते आणि उतार कृष्णेकडेच आहे. शोषखड्डा आहे की नाही, हे खोली देण्याआधी पाहिले गेले पाहिजे.

हिवाळ्याच्या उत्तरार्धात वाईच्या घाटांवर पाळीपाळीने कृष्णामाईचा उत्सव होतो. त्या दिवसांत घाटालगतची घरे आप्तेष्टांनी भरलेली असतात. तेव्हा खोली रिकामी नसल्यास पाहुण्याला तसे वेळीच कळवून पुढची तारीख द्यावी.